वाढवायचं का?

मावशीने तो कागद माझ्यापुढे सरकवला तेव्हा मी चकली मोडत होते. 2018 ची दिवाळी, भाऊबीज उलटून दोन दिवस झालेले, डोंबिवलीतल्या तिच्या पहिल्या मजल्यावरच्या ब्लॉकमध्ये दुपारचा पंखा खटखट करत फिरत होता. वहीतून फाडलेला रेघांचा कागद, निळं बॉलपेन, आणि टेलिफोन खात्यात अडतीस वर्षं तिकिटं लिहून घोटलेलं तिचं अक्षर. चार ओळी होत्या. मला बरं होण्याची आशा उरली नसेल तर मशीनवर ठेवू नये. नाकातून नळी घालून जेवू घालू नये. घरी आणावं. रडारड करू नये. खाली तिची सही, तारीख, आणि त्याखाली पट्टीने आखलेल्या दोन रिकाम्या रेघा : साक्षीदार एक, साक्षीदार दोन. “इथे सही कर,” ती म्हणाली, जणू कुरियरवाला दारात उभा आहे. मी म्हटलं, “अगं, हात तेलकट आहेत, डाग पडेल.” ती म्हणाली, “धू मग.” मी धुतले नाहीत. म्हटलं, “शिवाय हे असं घरच्या घरी चालत नाही. मॅजिस्ट्रेटसमोर करावं लागतं, पेपरात आलंय.” यातलं काहीच खोटं नव्हतं. हात तेलकट होते आणि त्या वेळचा नियमही तसाच होता. तिने माझ्याकडे चष्म्यावरून दोन क्षण पाहिलं, कागदाची तीन पदरी घडी घातली आणि ती गॅसच्या पुस्तकात ठेवली. “बरं, पुढच्या वेळी,” म्हणाली, आणि उरलेल्या चकल्या डब्यात भरायला घेतल्या.

पुढची वेळ आली नाही, असं लिहिलं की वाक्य छान जमतं. पण ती आली होती. नाताळात मी गेले होते, संक्रांतीला गेले होते. तिने कागद काढला नाही आणि मीही विषय काढला नाही.

मावशी ट्रंक ऑपरेटर होती. लग्न केलं नाही. विचारलं तर म्हणायची, “दिवसभर लोकांच्या लाइनी जोडत होते, माझी जोडायला वेळ कुठला?” तिच्या तरुणपणी परगावी बोलायचं म्हणजे कॉल बुक करून तासन् तास वाट बघायची. लागला की मिनिटं मोजायची आणि तीन मिनिटं होताच मधे बोलून विचारायचं, “तीन मिनिटं झाली, वाढवायचं का?” तिच्या डोक्यात हे वाक्य इतकं बसलं होतं की आमच्याकडे जेवायला वाढतानाही ती भाताचा डाव हातात घेऊन त्याच सुरात विचारायची. पलीकडे कुणी रडत असायचं, कुणी भाव सांगत असायचं, कुणी नुसतंच हॅलो हॅलो करत असायचं. पण विचारल्याशिवाय वाढवायचं नाही आणि विचारल्याशिवाय तोडायचं नाही, हा तिचा धर्म. शेजारच्या आजोबांना तीन आठवडे व्हेंटिलेटरवर ठेवलं होतं तेव्हा ती मला म्हणाली होती, “आम्ही निदान विचारायचो गं. हे विचारतसुद्धा नाहीत.”

त्याच वर्षी मे महिन्यात तिने पेपरातली एक बातमी कापून ठेवली होती. डेव्हिड गुडॉल नावाचे 104 वर्षांचे ऑस्ट्रेलियन वनस्पतीशास्त्रज्ञ स्वित्झर्लंडला गेले आणि 10 मे रोजी बाझल शहराजवळ त्यांनी स्वतःच्या इच्छेने जगाचा निरोप घेतला. त्यांना कॅन्सर नव्हता, असाध्य असं काही नव्हतं, फक्त खूप वर्षं झाली होती. मावशीला त्या बातमीतलं सगळ्यात जास्त काय आवडलं असेल तर ते पत्रकार परिषदेत बसून प्रश्नांची उत्तरं देत होते हे. “बघ, जाणारा माणूस स्वतः सांगतोय. आपल्याकडे जाणारा सोडून बाकी सगळे सांगतात.” मग माझी थट्टा : “माझे फंडाचे पैसे आहेत. जायचं का आपण दोघी? तू बर्फ बघ, मी पुढे जाते.” मी हसले. मी तिला सांगितलं की तिथल्या दंडसंहितेत, 1942 पासून लागू असलेल्या, कलम 115 आहे, त्यात मदत करणाऱ्याचा स्वार्थ असेल तरच गुन्हा ठरतो. आणि शेवटची कृती ज्याची त्यानेच करायची, डॉक्टरने नाही. “म्हणजे प्लग ज्याचा त्यानेच काढायचा,” ती म्हणाली. तिला सगळं स्विचबोर्डावरच कळायचं.

गंमत अशी की आपल्याकडेही एक 115 आहे. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यातलं. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरून चालायचं आणि त्याला शिक्षा करायची नाही, असं ते सांगतं. एकाच आकड्याची दोन कलमं, आणि दोघांची माणसाकडे बघण्याची नजर किती वेगळी. एक म्हणतं, याला कळतंय तो काय करतोय. दुसरं म्हणतं, याला आत्ता कळत नाहीये, सांभाळून घ्या. मला दोन्ही खरी वाटतात, वेगवेगळ्या दिवशी.

2019 च्या फेब्रुवारीत मावशीला पहाटे झटका आला. दूधवाल्याने बेल वाजवून वाजवून शेवटी शेजाऱ्यांना उठवलं. मी पोचले तोवर तिला स्टेशनजवळच्या एका रुग्णालयात नेलं होतं, उजवी बाजू गेलेली, वाचा गेलेली. काउंटरवर एक मुलगी फॉर्मचा गठ्ठा घेऊन बसली होती. ती नुसतं बोट ठेवत होती आणि मी नुसती सही करत होते. दाखल करण्याची, आयसीयूची, श्वासनलिकेची, नाकातल्या नळीची, पैशांची. अकरा सह्या. त्या दिवशी माझे हात तेलकट नव्हते.

व्हेंटिलेटर दहा दिवसांनी निघाला. नळी राहिली. नाकाच्या टोकाला पांढरी चिकटपट्टी, त्यातून बाहेर आलेली पिवळसर नळी, आणि दर दोन तासांनी मोठ्या सिरिंजमधून आत जाणारं दूध, प्रोटीन पावडर, गाळलेलं वरण. वासाने ओळखायला यायचं कोणतं आहे ते. तिला येत होता की नाही, माहीत नाही. पहिल्याच आठवड्यात भेटीच्या वेळी गेले तर तिचा चांगला हात, म्हणजे डावा, पलंगाच्या कठड्याला गॉजच्या पट्टीने बांधलेला. सिस्टर म्हणाली, “नळी काढतात हो आजी. दोनदा काढली.” तिच्या बोलण्यात दुष्टपणा नव्हता. सोळा पेशंटांमागे त्या दोघी होत्या, आणि नळी पुन्हा घालताना होणारे हाल बांधण्यापेक्षा वाईट. पट्टीची गाठ मात्र अशी पक्की होती की मला आमच्या म्हशीचं दावं आठवलं.

माझे आजोबा, म्हणजे मावशीचेच वडील, राजापूरजवळच्या आमच्या घरी गेले तेव्हा मी नऊ वर्षांची होते. त्यांनी अन्न सोडलं होतं. ‘सोडलं’ हाच शब्द. कोणी ‘जात नाही’ म्हणायचं नाही, ‘भूक मेली’ म्हणायचं नाही. मार्गशीर्षातले दिवस होते, माजघरात शेकोटीचा आणि एरंडेलाचा वास. आजी रोज सकाळी पितळेच्या वाटीत पेज घेऊन त्यांच्या उशाशी बसायची, चमचा ओठांना लावायची, ते ओठ मिटून घ्यायचे. ती पदराने त्यांची हनुवटी पुसायची आणि मागे वळून सांगायची, “नको म्हणतायत.” मग ती पेज आम्हा पोरांना वाटली जायची, मीठ घालून. आठ-नऊ दिवस असं चाललं. तालुक्याहून डॉक्टर एकदा आला, छाती तपासली, चहा प्यायला, आणि बाबांच्या खांद्यावर हात ठेवून गेला. शेवटच्या दिवशी त्यांना खाटेवरून सारवलेल्या जमिनीवर घेतलं, देवघरातल्या गंगेच्या लोटीचं डाख फोडलं आणि तुळशीपत्रासकट दोन थेंब तोंडात घातले. ते दोन थेंब मात्र त्यांनी घेतले. कोणी त्याला काहीही नाव दिलं नाही. पोलीस आले नाहीत, नियम कोणी विचारला नाही. आजी पुढे तेरा वर्षं जगली आणि तिने एकदाही म्हटलं नाही की मी त्यांना उपाशी ठेवलं.

मावशी तेव्हा मुंबईहून एसटीने आली होती. पेजेची वाटी एक दिवस तिच्याही हातात होती.

आपल्या भाषेत या एका गोष्टीला किती नावं आहेत. समाधी, संथारा, प्रायोपवेशन, आत्मार्पण, इच्छामरण, दयामरण, आत्महत्या. कोणता शब्द लावायचा ते कृतीवरून ठरत नाही, माणसावरून ठरतं. नोव्हेंबर 1982 मध्ये पवनारला विनोबांनी अन्न, पाणी, औषध सगळं थांबवलं. पंतप्रधान येऊन भेटून गेल्या. 15 तारखेला, ऐन दिवाळीत, ते गेले. तेव्हा भारतीय दंडविधानात कलम 309 जिवंत होतं, आत्महत्येच्या प्रयत्नाला एक वर्षापर्यंत कैद. विनोबांच्या आश्रमात कुणी हवालदार गेला नाही, उलट पुढच्या वर्षी सरकारने त्यांना मरणोत्तर भारतरत्न दिलं. त्यात काही चूक झाली असं मला अजिबात वाटत नाही. पण त्याच सुमारास मुंबईच्या एका पोलीस शिपायाने मनाचा तोल गेलेल्या अवस्थेत महापालिकेच्या कचेरीत स्वतःचं बरंवाईट करायचा प्रयत्न केला, तर त्याच्यावर मात्र 309 लागलं. त्याच्याच याचिकेवर 1986 साली मुंबई उच्च न्यायालयात न्या. पी. बी. सावंत यांच्या खंडपीठाने ते कलम घटनाबाह्य ठरवलं. दहा वर्षांनी, 1996 मध्ये, सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी ग्यान कौर खटल्यात ते पुन्हा वैध ठरवलं : जगण्याच्या हक्कात मरण्याचा हक्क येत नाही. येतो तो सन्मानाने मरण्याचा, म्हणजे नैसर्गिक मरण जवळ आलेलंच असेल तर त्या शेवटच्या टप्प्यात. जुलै 2024 पासून नवी न्याय संहिता आली, तिच्यात जुनं 309 उरलं नाही. पण मरायला मदत करणं हा आजही गुन्हा, कलम 108, दहा वर्षांपर्यंत शिक्षा. सरकारी नोकरावर दबाव आणायला कुणी जीव देऊ पाहिला तर त्याचं वेगळं कलम तेवढं शिल्लक ठेवलंय. सरकारला आपल्या नोकरांची काळजी.

आपल्याकडच्या कायद्याचं हे सगळं मी मावशी गेल्यावर वाचलं. आधी वाचलं असतं तर काय केलं असतं, हा प्रश्न मी टाळते.

केईएम रुग्णालयातच हल्ला होऊन वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्याबद्दल मात्र आम्ही दोघी आधीपासून बोलायचो. मावशीच्या पिढीच्या नोकरी करणाऱ्या बायकांना ते प्रकरण आतून माहीत होतं. रात्रपाळी, कपडे बदलायची खोली, जिन्यातला अंधार. 27 नोव्हेंबर 1973 ची ती बातमी वाचून एक्स्चेंजमधल्या मुली कितीतरी दिवस जोडीजोडीने घरी जायच्या, असं ती सांगायची. अरुणांना मरू द्यावं या याचिकेवर 7 मार्च 2011 ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला तेव्हा मी मावशीकडेच होते. न्या. काटजूंनी निकालाची सुरुवात गालिबच्या शेराने केली होती, मरणाच्या आशेवर मरत राहणाऱ्याबद्दलच्या. न्यायालयाने याचिका फेटाळली, पण काही मर्यादेत उपचार थांबवायला परवानगीचं दार किलकिलं केलं. टीव्हीवर केईएमच्या परिचारिका एकमेकींना मिठाई भरवत होत्या. मावशी ओरडलीच, “पेढे? कशाचे पेढे?” मग बराच वेळ काही बोलली नाही. जाहिराती लागल्या. मग म्हणाली, “सदतीस वर्षं झोपून, आणि म्हणे एक बेडसोर नाही हं अंगावर. सख्खी मुलगी करणार नाही.” तिच्या आवाजात राग आणि कौतुक कोणत्या प्रमाणात मिसळले होते ते मला तेव्हाही कळलं नाही.

त्या निकालात मला अडकवणारी जागा वेगळीच आहे. न्यायालयाने तीन डॉक्टरांना तपासणीसाठी पाठवलं होतं. परिचारिकांचं म्हणणं होतं, तिला माशाचं, कोंबडीचं सूप आवडतं, आवडलं की चेहऱ्यावर दिसतं. खोलीत फार माणसं आली की ती अस्वस्थ होते. याचिका करणाऱ्या पत्रकार पिंकी विराणी यांना त्याच चेहऱ्यावर न संपणारे हाल दिसत होते. चेहरा एक, वाचणारे दोन. न्यायालयाला ठरवायचं होतं की तिचा वादमित्र कोण. काय सुंदर शब्द आहे : जो स्वतःची बाजू मांडू शकत नाही त्याच्यासाठी न्यायालयात उभा राहतो तो. न्यायालय म्हणालं, विराणी नव्हेत, तर इतकी वर्षं तिला भरवणारे, पुसणारे केईएमचे कर्मचारी. 18 मे 2015 ला न्यूमोनियाने ती गेली, हल्ल्यानंतरच्या बेचाळिसाव्या वर्षात. तिला स्वतःला काय हवं होतं, ते कुणालाच, कधीच, सांगता आलं नाही.

मावशीने मात्र सांगितलं होतं, चार ओळींत, पट्टीने रेघा मारून. तरी तिचा चेहरा वाचायला आम्ही सगळे नातेवाईक गोळा झालो. मामेभाऊ पुण्याहून आला, म्हणाला, “ती डोळ्याने बोलते बघ, तिला जगायचंय.” वहिनी म्हणाली, “त्या देवाला बोलावतायत.” मी कागदाबद्दल सांगितलं. सगळे गप्प. मग भाऊ म्हणाला, “सही कुणाची आहे त्यावर?” म्हटलं, तिचीच. “आणि साक्षीदार?”

नाही कुणी.

“मग सोड. उद्या आपण मारलं असं नको व्हायला.” हे वाक्य मी नंतर किती घरांत ऐकलं. आपण मारलं असं व्हायला नको. ती मेली तर चालेल, आपण मारलं असं व्हायला नको. डॉक्टरांना मी दबकत विचारलं, नळी नाही ठेवली तर? ते तरुण होते, रात्रभर जागलेले. म्हणाले, “मॅडम, म्हणजे मी पेशंटला उपाशी ठेवू का?” मला आजीची पितळेची वाटी आठवली, पण ती त्यांना कशी समजावणार? चमचा ओठांना लावून ‘नको म्हणतायत’ म्हणणं आणि नळी न घालणं, यात फरक आहे का? आहे असं डोकं म्हणतं, नाही असं हात म्हणतात. तिथे दोनच पर्याय होते. एक, जे चाललंय ते. दुसरा, डॉक्टरी सल्ल्याविरुद्ध घरी नेतोय अशी सही करून नेणं, ज्याला वॉर्डात सगळे ‘डामा’ म्हणतात. शेजारच्या पलंगावरच्या मुरबाडच्या आजोबांना त्यांच्या मुलांनी तसंच नेलं. त्यांना ना लिव्हिंग विल, म्हणजे मावशीच्या कागदासारखं आधीच लिहून ठेवलेलं पत्र, ठाऊक होतं ना सर्वोच्च न्यायालय. शेत गहाण पडलं होतं आणि आता विकायची वेळ आली होती, एवढंच. मुलगा जाताना माझ्याजवळ येऊन उगाच म्हणाला, “घरी बरं वाटंल त्यांना.” आपल्या देशातलं खरं इच्छामरण हे असं होतं, पैसे संपल्यावर, रिक्षा-टेम्पोतून. फक्त त्यात इच्छा कुणाची, ते विचारायचं नाही.

म्हणूनच परदेशासारखा कायदा इथे यावा का, या प्रश्नावर मी अडखळते. कॅनडात 2016 पासून डॉक्टरांच्या मदतीने मरण कायदेशीर झालं. मिसिसागाला राहणारी माझी मैत्रीण सांगत होती, तिच्या शेजारच्या बाईंनी तारीख घेतली होती. गुरुवारी सकाळी अकरा. बुधवारी संध्याकाळी सगळे त्यांना भेटायला गेले, हिने शिरा करून नेला, आणि त्या बाईंनी दोनदा मागून घेतला. मैत्रीण म्हणाली, “निघताना काय म्हणायचं तेच कळेना. ‘येते’ म्हटलं आणि जीभ चावली.” ऐकताना मला हेवा वाटला आणि अंगावर काटाही आला. लग्नाचा, मुंजीचा, घरभरणीचा मुहूर्त काढणारे आपण, पण या तारखेची कल्पना करवत नाही. तिकडे 2021 मध्ये कायदा आणखी रुंदावला, मरण नजीक नसलेल्यांनाही तो मार्ग खुला झाला, आणि अपंगांच्या संघटनांनी विचारलं की आम्हाला जगायला मदत कमी आणि मरायला जास्त का? हा प्रश्न मला थेट डोंबिवलीत ऐकू येतो. आमच्या बिल्डिंगचा पुनर्विकास आठ वर्षं रखडला होता. एका खोलीत झोपून असलेल्या म्हाताऱ्या सासऱ्याची सही हवी होती की खोली, हे तिसऱ्या मजल्यावरच्या भांडणातून सगळ्या जिन्याला ऐकू यायचं. ‘आम्ही कुणावर ओझं नको’ हे वाक्य आपल्याकडच्या किती म्हाताऱ्यांच्या मनातलं आहे, आणि किती जणांच्या तोंडी ते घरच्यांनीच घातलेलं आहे? गिरगावातल्या एका वृद्ध जोडप्याने राष्ट्रपतींना पत्र लिहून इच्छामरण मागितलं होतं, मूलबाळ नाही, आजार नाही, पण एकमेकांमागे उरायचं नाही म्हणून. ती बातमी वाचून मावशी म्हणाली होती, “यांना मरण नकोय, शेजारी हवाय.” मला वाटतं ती त्यांच्याबाबत चुकली असेल. पण सगळ्यांच्या बाबतीत चुकली नसेल.

तेव्हा औषधाचा पेला हातात देण्याचा कायदा इथे आला तर मी त्याच्या बाजूने हात वर करीन असं वाटत नाही. पण मग मावशी डोळ्यांपुढे येते. पेला द्यायला तुझी ना आहे, आणि नळी घालायला अकरा सह्या?

ती एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात गेली, नळीसकट. स्मशानातून आल्यावर एकेक जण म्हणत होता, “सुटली बिचारी.” हा शब्द आपण किती मोकळेपणाने वापरतो, पण राख गार झाल्यावर. आदल्या दिवशी कुणी म्हटलं असतं, हिला सोडवू या, तर त्याच्याकडे बघितलंही नसतं.

जानेवारी 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा पत्रांबद्दलचे 2018 चे आपलेच नियम सोपे केले. आता मॅजिस्ट्रेट नको, दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसा. वेळ आली की रुग्णालयाने डॉक्टरांची मंडळं नेमायची, एक आधी, एक नंतर, शक्यतो अठ्ठेचाळीस तासांत मत द्यायचं. गोव्यात 31 मे 2024 ला मुंबई उच्च न्यायालयाच्या तिथल्या खंडपीठाचे न्या. महेश सोनक यांनी स्वतःचं असं पत्र करून नोंदवलं. मला ते फार आवडलं, न्यायाधीशाने निकाल न देता रांगेत उभं राहणं. त्याच पावसाळ्यात मी माझं करायला घेतलं. तयार मसुदा मिळाला, चार पानांचा, सगळं नीट लिहिलेलं : कृत्रिम श्वास नको, डायलिसिस नको, नळी नको, वेदना कमी करणारी औषधं हवीत. मी तो मराठीत करून टाइप करून आणला. शेवटच्या पानावर तळाला दोन बोटं जागा उरली होती. तिथे पेनाने एक ओळ लिहिली.

साक्षीदार म्हणून मी समोरच्या देशपांडेकाकांना विचारलं. ते एक मिनिट दाराचा अडसर धरून उभे राहिले. “मी? अहो, माझं वय अठ्ठ्याहत्तर. तुम्ही माझ्या वेळी करायची सही.” मी म्हटलं, ती पण करीन. “पुढच्या आठवड्यात जाऊ या का? माझा मोतीबिंदूचा डोळा…” मी म्हटलं, चालेल. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. काय दिसलं त्यांना कोण जाणे, चप्पल पायात घालत म्हणाले, “चला, आत्ताच जाऊ. पाऊस थांबलाय.” दुसरी साक्षीदार माझी ऑफिसातली मैत्रीण, ती थेट तिकडेच आली.

रिक्षात काकांनी जाड भिंगातून चारही पानं वाचली, बोट ठेवत ठेवत. शेवटच्या ओळीवर बोट थांबलं. “हे काय? ‘हात बांधू नयेत’?” मी त्यांना मावशीचं सांगितलं. एकदा भेटीच्या वेळी सिस्टर औषधं आणायला गेली असताना मी ती गॉजची गाठ सोडली होती. नखं तुटली सोडवताना. मावशीचं मनगट लाल झालेलं, त्यावर विणीची नक्षी उमटलेली. हात मोकळा झाल्यावर तो कितीतरी वेळ चादरीवर तसाच पडून राहिला, बांधलेला असल्यासारखा. मग हळूहळू वर यायला लागला. छातीवरून, गळ्यावरून, नाकाकडे. मी तो मधेच पकडला. दोन्ही हातांनी पकडला आणि सिस्टर येईपर्यंत धरून ठेवला. तिला नळी उपटायची होती, की चिकटपट्टीखाली नाकाला नुसती खाज सुटली होती? खाजवून तिने हात पुन्हा खाली ठेवलाही असता. मला तेवढं थांबता आलं नाही.

काका काही बोलले नाहीत. रिक्षा पुलाखालच्या पाण्यातून गेली, मीटर पडत राहिला.

नोटरी कोर्टाच्या भिंतीला लागून ताडपत्रीखाली बसतात. टेबलावर शिक्क्यांचा स्टँड, रजिस्टर, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं शाईचं पॅड. पहिलं पान बघून म्हणाले, “मृत्युपत्र ना? मिळकतीचं वर्णन कुठंय?” म्हटलं, मिळकत नाही, हे वैद्यकीय आहे. त्यांनी वाचायला सुरुवात केली, मग थोडं मन लावून वाचलं. मधे झेरॉक्सवाल्या पोराला चहा सांगितला, आमच्यासाठीही. आमच्या सगळ्यांच्या सह्या झाल्या, त्यांनी शिक्के मारले, आणि मग शेवटचं पान परत उलटून तळाच्या ओळीवर पेनाचं टोक टेकवलं.

“हे हाताने लिहिलंय.”

“हो.”

“मग बाजूला छोटी सही करा. नंतर कुणी घुसडलं म्हणायला नको. साक्षीदारांचीही घ्या.”

मी केली. काकांनी चष्मा कपाळावर चढवला, कागद डोळ्यांशी नेला आणि ओळीला अगदी खेटून आपली सही केली.